रोटोटुनात मला इंग्रजी येत नव्हतं

न्यूझीलंडहून आल्यापासून सासवडमध्ये जो भेटतो तो एकच विचारतो, "काय काय पाहिलंत बाई?" बर्फाचे डोंगर पाहिले का, उकळत्या पाण्याची तळी पाहिली का, मेंढ्या खरंच माणसांपेक्षा जास्त आहेत का. आता काय सांगू? चार महिने राहिले आणि त्यातले बहुतेक दिवस रोटोटुनातच काढले. रोटोटुना म्हणजे हॅमिल्टन शहराच्या उत्तर टोकाची नवी वस्ती. बैठी, एकसारखी घरं, आणि दर दुसऱ्या दारात एक लहान मुलांची सायकल आडवी पडलेली. तेव्हा ज्यांना बर्फाचे डोंगर हवेत त्यांनी यात्रा कंपन्यांची पत्रकं वाचावीत. मी पाहिली एक लायब्ररी, एक कपडे वाळत घालायची छत्री, आणि एका पाच वर्षांच्या मुलीचा रुसवा. त्यातला रुसवा बघायला सर्वांत अवघड होता.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर मुद्दा निसटायचा.

माझी मुलगी केतकी आणि जावई निखिल आठ वर्षांपासून तिकडे आहेत. केतकी कॉम्प्युटरवाली, निखिल जवळच्याच 'ते रापा' नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर. मोठी इरा, धाकटा अर्जुन दीड वर्षाचा. केतकी पुन्हा नोकरीवर रुजू होणार होती, म्हणून मला बोलावणं आलं. ह्यांचा अंजिराचा बहार नेमका तेव्हाच, त्यामुळे मी एकटीच जाणार होते.

निघायच्या आठ दिवस आधी केतकीचा फोन आला. "आई, इराला सगळं मराठी कळतं गं, पण उत्तर मात्र इंग्रजीत देते. मे महिन्यात पाच पूर्ण होतील. इथे पाचवा वाढदिवस झाला की लगेच शाळा. एकदा शाळा सुरू झाली की संपलंच."

"मग मी काय करू म्हणतेस?"

"तुला इंग्रजी येतच नाही असं सांग."

"केतकी! तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी. अर्धं सासवड माझ्याकडून स्पेलिंगसाठी छड्या खाऊन मोठं झालंय."

"तेच तर! इराला कुठे माहितीय?"

खरंच तिला माहीत नव्हतं. फोनवर ती दोन मिनिटं तोंड दाखवून पळून जायची. आयुष्यभर मी मुलांना 'खोटं बोलू नये' हे पाच वेळा लिहायला लावलं, आणि आता पासष्टाव्या वर्षी हे नाटक! पण कबूल करते, मला मोह पडला. नातीशी पोटभर बोलायचं होतं मला, तेही माझ्या भाषेत, आणि ती पाच वर्षांची व्हायच्या आत. नंतर मी फोनच्या काचेतली एक म्हातारी होऊन बसणार, ही भीती मनात घर करून होती. मी हो म्हटलं.

फेब्रुवारी: तीन शब्द

विमानतळावर निखिल एकटाच आला होता. तिथल्या अधिकाऱ्याने माझी घरी सुकवलेली अंजिरं फार अदबीने काढून घेतली, आणि मीही त्याच्याशी तितक्याच अदबीने, व्याकरणशुद्ध इंग्रजीत भांडले. ते माझं शेवटचं इंग्रजी.

दारात इरा उभी होती. अनवाणी. तिकडे मुलंच काय, मोठी माणसंसुद्धा अनवाणी दुकानात जातात, आणि कोणी वळून बघत नाही. इराने मला खालून वर न्याहाळलं आणि माझी खोली बघायचीय का, असं झकास इंग्रजीत विचारलं.

मी चेहरा मख्ख केला. "काय म्हणतेस बाळा? मला इंग्रजी येत नाही गं."

इराने आईकडे बघितलं. "ॲट ऑल?"

"ॲट ऑल," केतकी म्हणाली आणि घाईघाईने स्वयंपाकघरात पळाली, कारण तिला हसू आवरेना.

मग त्या पोरीच्या चेहऱ्यावर अशी काही दया आली की मलाच कानकोंडं झालं. बिचारी आजी, एवढी मोठी झाली आणि हिला बोलता येत नाही! तिने माझा हात धरला, जरा विचार केला आणि म्हणाली, "ये. खोली. बघ."

तीन शब्द. मी कृतकृत्य झाले.

त्यानंतर पोरीने मला दत्तकच घेतलं म्हणा ना. कोपऱ्यावर एक किराणा दुकान आहे, त्याला तिकडे डेअरी म्हणतात. तिथे जाताना माझा हात धरून ती पुढे, मी मागे. दुकानदाराला छाती पुढे काढून सांगायची, माझ्या आजीला इंग्रजी येत नाही, जे काय असेल ते मला सांगा. मग माझ्याकडे वळून, "आजी, तुला केळी पाहिजे की मोठा केळी पाहिजे?" लायब्ररीत तर गंमतच. चित्रांचं इंग्रजी पुस्तक मांडीवर घ्यायची आणि मला मराठीत वाचून दाखवायची. "डायनोसॉर भूक लागला. मग तो सगळा झाड खाल्ला. मग त्याचा पोट मोठा झाला, हीप्स मोठा." हीप्स म्हणजे तिकडचं 'खूप'. चुका दुरुस्त करायला माझी जीभ शिवशिवत होती, पण दोन्ही हात मांडीखाली दाबून मी ऐकत राहायचे. इतकं सुंदर मराठी मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, खरं सांगते.

एका रविवारी समुद्रावर गेलो. रॅगलनची वाळू काळी, अगदी तव्यासारखी. सगळे अनवाणी म्हणून मीही शहाणपणा करून चपला गाडीत ठेवल्या, आणि दहा पावलांत बोंबलले. अनवाणी असलेली ती सगळी मंडळी पाण्याजवळच्या ओल्या वाळूत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इरा स्वतःच्या जँडल्स हातात घेऊन धावत आली. जँडल्स म्हणजे तिकडच्या रबरी चपला. "आजी, घाल! पाय भाजेल!" त्यात माझा अंगठासुद्धा जाईना. पण ती स्वतः कोरड्या वाळूवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत माझ्यापुढे चपला धरून उभी होती. मी तिला तशीच उचलून घेतलं आणि दोघी किंचाळत पाण्याकडे पळालो.

एप्रिल: कुंपणाच्या दोन बाजू

शेजारी हिने राहायची; 'हिने' हे तिचं नावच. माओरी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांतली बाई, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पांढरी वेणी, पायात गमबूट आणि दिवसभर बागेत. तिची आणि माझी ओळख कमरेएवढ्या कुंपणावरून झाली, अर्थातच दुभाष्यामार्फत. हिने "किया ओरा" म्हणायची. इरा मला सांगायची, "आजी, ती नमस्ते म्हणतीय." मी म्हणायचे, "तिला सांग, वांगी छान आलीत." इरा ते सांगायची आणि वर स्वतःचंही काहीतरी घालायची. एकदा मी म्हटलं, आमच्याकडे आता उन्हाळा असेल, तर इराने हिनेला सांगितलं, आमच्याकडे इतकं ऊन असतं की गाई वितळतात. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

एप्रिलमध्ये तिकडे पानगळ, सकाळी नदीवरून धुकं येतं ते दहा वाजेपर्यंत हलत नाही. त्या दिवसांत फेजोआ नावाचं फळ पिकतं. हिरवं, अंड्याएवढं, पेरूचा भाऊ शोभेल असा वास. झाडांना इतकी लागतात की लोक पिशव्या भरभरून फाटकाशी ठेवतात, कोणीही न्या. हिनेने कुंपणावरून टोपलीभर दिली. मी मेथ्यांची फोडणी आणि गूळ घालून त्यांचा मेथांबा केला आणि डबाभर तिला पाठवला. दोन दिवसांनी डबा परत आला, त्यात घरी भाजलेल्या पावाची अर्धी लादी. आलेलं भांडं रिकामं परत करू नये, हे साता समुद्रापलीकडेही शिकवतात तर! मला फार बरं वाटलं. तिच्याशी मनमोकळं बोलावं असं हजारदा वाटलं, पण सोंग घेतलं होतं ना, ते निभावणं भाग होतं.

एक दिवस इराने बालवाडीतून चित्र आणलं. 'मी काय काम करते' असा विषय होता. चित्रात कुंपण, अलीकडे एक म्हातारी, पलीकडे एक म्हातारी, आणि मधोमध एक छोटी मुलगी. मुलीचं तोंड दोन्ही म्हाताऱ्यांच्या डोक्यांपेक्षा मोठं. केतकीने ते फ्रिजवर लावलं. मी येता-जाता बघायचे आणि नजर वळवायचे.

दूध

आता दुधाची गोष्ट. तिकडचं दूध तापवायचं नसतं. निखिलने मला पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, "आई, ते कारखान्यातच तापवून गार केलेलं असतं. मी रोज तेच काम करतो."

"तुमचं तापवणं तुमच्यापाशी," मी म्हणायचे. न तापवलेलं दूध पोरांच्या पेल्यात ओतायला माझा हातच धजायचा नाही. पातेलं रोज चढायचंच.

त्या दिवशी सकाळी घरात मी आणि दोन मुलं. दूध ठेवलं आणि म्हटलं, तेवढ्यात चार कपडे वाळत घालावेत. तिकडे अंगणात लोखंडी छत्री असते, गोल फिरणारी, तिच्यावर कपडे घालतात. इरा चिमटे द्यायला माझ्याबरोबर बाहेर. मागे खट् आवाज झाला. वळून बघते तर अर्जुनने काचेचं सरकतं दार ओढून घेतलं होतं आणि आतली कडी खाली पाडली होती. काचेला नाक लावून तो आमच्याकडे बघून हसत होता.

"अर्जुन, कडी वर कर राजा! वर!" तो टाळ्या वाजवायला लागला. पुढचं दार बंद, फोन आत, दूध शेगडीवर. दूध वर येताना दिसलं, मग उतू गेलं, मग धूर, आणि मग छताला लावलेला धुराचा भोंगा असा किंचाळायला लागला की अर्जुन दचकून खालीच बसला आणि टाहो फोडून रडायला लागला. 

मी कुंपणाकडे धावले आणि हिनेला हाका मारल्या. बाळ आत आहे, दार आतून लागलंय, शेगडी चालू आहे, अग्निशमनवाल्यांना फोन कर, घराचा नंबर हा, गल्लीचं नाव हे. सगळं एका दमात. आणि सगळं इंग्रजीत.

हिने क्षणभर आ वासून बघत राहिली. मग एका हाताने फोन लावत, दुसऱ्या हाताने फाटक ढकलत आली. कपडे धुवायच्या खोलीची छोटी खिडकी उघडी होती. माझ्याच्याने काही तिच्यातून आत जाववलं नसतं. मी स्टूल धरलं, हिनेने इराला उचललं आणि इरा डोकं आधी घालून आत घुसली ती थेट मळक्या कपड्यांच्या टोपलीत. तिथून उठून धावली आणि कडी वर केली. मी अर्जुनला छातीशी धरलं, हिनेने काळंठिक्कर पातेलं उचलून बाहेर गवतावर ठेवलं. बंबवाले आले तोवर भोंगा थांबला होता. त्यांनी अर्जुनला टोपी घालायला दिली आणि शेगडी सोडून जाऊ नका म्हणून मला समजावलं. मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

ते गेल्यावर हिने पायरीवर बसली आणि म्हणाली, तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे की गं. तिला हसू येत होतं. मला मात्र वर बघवेना, कारण इरा दारात उभी होती. केसांत मोजा अडकलेला.

"आजी," ती म्हणाली, "यू नो इंग्लिश."

तो प्रश्न नव्हता.

मे: रुसवा

ती रडली नाही, आदळआपट केली नाही. तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी बाई आहे, आदळआपट करणारी मुलं मला सांभाळता येतात. इरा फक्त माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. गोड, सभ्य, पाहुण्यांशी बोलतात तसं. डेअरीत मी हात पुढे केला तर तिने तो धरला नाही. केळ्यांचं विचार म्हटलं, तर म्हणाली, "यू कॅन आस्क." लायब्ररीत पुस्तक घेऊन वेगळ्या उशीवर जाऊन बसली.

आणि फ्रिजवरचं चित्र दिसेनासं झालं. कागद-बाटल्या टाकायच्या पिवळ्या झाकणाच्या डब्यात मला ते सापडलं. मी ते पुसलं, हाताने सरळ केलं आणि माझ्या पासपोर्टात ठेवलं. बाथरूममध्ये जाऊन रडले. वयाला शोभत नाही, पण रडले.

"आई, आयडिया माझी होती," केतकी म्हणाली. "मी बोलते तिच्याशी."

"नको. खोटं मी बोलले, मीच निस्तरते."

इरा अंगणात गोगलगाई गोळा करत होती. मी शेजारी बसकण मारली. "इरा, मी तुझ्याशी खोटं बोलले. चुकलं माझं."

"बट व्हाय?" तिने वर न बघता विचारलं.

"तुझं मराठी ऐकायचं होतं मला. तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलंय बाळा. इंग्रजीत बोलले की मी बाई होते, रागवायला लागते. मराठीत आजी असते."

तिने आणखी एक गोगलगाय डब्यात टाकली. मग इंग्रजीतच म्हणाली की मला वाटलं तुला माझी गरज आहे. आणि गोगलगाईंचा डबा उचलून आत गेली.

 मी तशीच ओल्या गवतावर बसून राहिले, पातळ भिजलं तरी उठवेना.

कुंपणापलीकडून हिनेने सगळं पाहिलं होतं. आता तिच्याशी उघड बोलता येत होतं, पण त्यात काही गोडी राहिली नव्हती. तिनेच विषय बदलला. शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या मुलाच्या घरचं कोणीतरी उभं राहून आपली ओळख सांगतं, म्हणाली. आणि तिकडची रीत अशी, की आधी आपला डोंगर सांगायचा, मग नदी, मग आपली माणसं. स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी.

मी चमकले. अगं, हे तर आमच्या पूजेतलं! गुरुजी संकल्प सोडताना आधी देश म्हणतात, मग नदी, मग गाव, मग गोत्र, आणि यजमानाचं नाव येतं अगदी शेवटी. हिनेला सांगितलं, तर तिने मान हलवली, म्हणजे ह्यात नवल ते काय! "मग तूच बोल," ती म्हणाली. केतकी-निखिललाही ते पटलं. इराला विचारलं तर तिने खांदे उडवले.

शाळा

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी शाळा. माझ्या शाळेत बाक होते, फळा होता, मी आत आले की पन्नास मुलं उभी राहायची. इथे सगळी सतरंजीवर मांडी घालून, निम्मी अनवाणी, आणि बाईंना नावाने हाका मारणारी. पण एक पोर नाक पुसत होतं, एक आईला दारातून हलू देत नव्हतं, दोघं मागे ढकलाढकली करत होती. म्हटलं, चला, हे आपलंच खातं.

मुलांनी गाणं म्हटलं. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत छान पाच वाक्यं पाठ केली होती. उभी राहिले. इरा पहिल्या रांगेत, नवे बूट, नजर बुटांवर. एवढीशी दिसत होती.

माझी पाच वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी मराठीत बोलायला लागले.

"माझा डोंगर पुरंदर. माझी नदी कऱ्हा. माझं गाव सासवड."

 बाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. मागे केतकी कुजबुजली, "आई, इंग्रजीत!" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.  मी इराकडे बघत उभी राहिले. ती उठली नसती, तर माझी चारचौघांत शोभा झाली असती, आणि मी ती सोसली असती.

इराने बुटांवरची नजर उचलली. माझ्याकडे बघितलं. मग उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, वर्गाकडे तोंड केलं आणि घसा खाकरला. अगदी माझ्यासारखा.

डोंगर सांगितला. नदी सांगितली. गाव सांगितलं, आणि तिथे गाई वितळतात हेही सांगितलं. मग म्हणाली, "माय आजी नोज इंग्लिश. हीप्स. शी वॉज अ टीचर. बट आय डू द टॉकिंग."

मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे तिकडचं 'एकदम झकास'.

मी पुढचं सांगायला लागले, ह्यांचं, केतकीचं, निखिलच्या आईवडिलांचं. डोळे भरल्यामुळे भराभर बोलत सुटले असेन. तशी तिने माझं बोट ओढलं आणि कुजबुजली, "आजी, हळू बोल ना. मला सांगायचं आहे."

जूनमध्ये मी परत आले. आता रविवारी सकाळी माझ्या चहाच्या वेळेला फोन येतो. तिकडे दुपार झालेली असते. इरा फोन घेऊन कुंपणाशी जाते आणि पलीकडे हिनेचा चेहरा दिसतो. हिने इंग्रजीत काहीबाही विचारते, अंजिरं कशी आहेत, गुडघा कसा आहे. मला सगळं नीट ऐकू आलेलं असतं, कळलेलंही असतं. ते इराला ठाऊक आहे, हिनेलाही ठाऊक आहे.

मी चहाचा कप खाली ठेवते आणि विचारते, "काय म्हणाली गं ती?"

आणि इरा मला सांगते.